फ्रिजमागची अंगठी

एखादी वस्तू हरवली, की आपण आधी काय शोधतो? वस्तू शोधतो, की माणूस शोधतो? हा प्रश्न आम्हाला आमच्याच स्वयंपाकघरात, लादीवर गुडघे टेकून बसलेलो असताना पडला. घडले ते जसेच्या तसे सांगतो. त्यात आमची शोभा नाही. पण आपल्या धर्मग्रामातल्या आणखी काही घरांत असे घडले असेल किंवा उद्या घडेल, म्हणून सांगणे बरे वाटते.

आमच्या आईची लग्नाची अंगठी बावीस कॅरेटची आहे, झिजून पातळ झालेली. बाबांना जाऊन नऊ वर्षे झाली, पण आईने ती कधी कपाटात ठेवली नाही. कणीक मळायच्या वेळी तेवढी बोटातून काढते आणि फ्रिजवर ठेवते. एका शनिवारी संध्याकाळी ती तिथे नव्हती. आम्ही फ्रिजवरचे डबे हलवले, ओटा पाहिला, मोरी पाहिली, कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर उलटा केला, पीठसुद्धा चाळून पाहिले. अंगठी मिळाली नाही. आई काही बोलली नाही. रात्री जेवली नाही, एवढेच.

रोझरीनंतर आम्ही संत अंतोनीची प्रार्थना केली. हरवलेल्या वस्तूंसाठी आपण सगळेच त्याला हाक मारतो. प्रार्थना संपवून उठलो आणि आमच्यापैकी एकाने म्हटले, "आज लादी पुसायला मावशी आल्या होत्या ना?" हे कोणी म्हटले याला महत्त्व नाही. दुसऱ्याने ते खोडून काढले नाही, याला आहे.

मावशी आमच्याकडे अकरा वर्षे धुणीभांडी आणि लादी करत होत्या. आई आजारी होती तेव्हा रविवारीही येऊन गेल्या होत्या. आम्ही त्यांच्यावर आरोप केला नाही. आम्ही फक्त तीन वेळा विचारले, "मावशी, तुम्हाला कुठे दिसली का हो?" पहिल्यांदा त्यांनी आमच्याबरोबर शोधले. दुसऱ्यांदा त्या "नाही" म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्यांनी फक्त मान हलवली. आम्ही कपाटाला कुलूप लावू लागलो. शेजारच्या घरीही त्या काम करत, तिथे आम्ही सहज म्हणून सांगितले, "जरा लक्ष असू दे." काम आटोपल्यावर मावशी ओट्याशी बसून चहा घेत, तो त्यांनी बंद केला. पंधरा दिवसांनी म्हणाल्या, "आता तीन जिने चढवत नाहीत, दुसरं कोणी बघा." खरे सांगायचे तर त्या गेल्यावर आमच्या मनात आले, म्हणजे आपला अंदाज बरोबरच होता.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी आमच्या धाकट्याची गोटी फ्रिजखाली घरंगळली आणि मागे जाऊन बसली. दोन रुपयांची गोटी, पण पोराने घर डोक्यावर घेतले. तेव्हा आम्ही कामाला लागलो.

आधी फ्रिजचा प्लग काढला. आमचा फ्रिज जुना आहे. त्याच्या मागे तापणारी जाळी, खाली कॉम्प्रेसर आणि वायरी आहेत. वीज चालू असताना तिथे तार किंवा हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ. फ्रिज ओढून बाहेर काढावा, तर तो ओटा आणि भिंत यांच्यामध्ये अडकलेला, आणि एक पाय फुटलेल्या लादीत रुतलेला. आडवा करणेही बरे नव्हे. कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत उतरते, मग फ्रिज काही तास उभा ठेवल्याशिवाय चालू करता येत नाही. म्हणून हिराचा झाडू घातला. गोटी पुढे येण्याऐवजी आणखी आत गेली. मग झाडू बाजूला ठेवला आणि आधी बघायचे ठरवले. दाढीचा आरसा लादीवर तिरका धरला आणि मोबाईलची बॅटरी त्यावर मारली. धुळीच्या गोळ्यांत गोटी दिसली. तिच्या पलीकडे, वीतभर अंतरावर, एक पिवळी कड चमकली.

आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. आनंद झाला असे म्हणवत नाही.

मग साधनांची गर्दी झाली. धाकट्याने जुन्या स्पीकरचे लोहचुंबक दोरीला बांधून सोडले. त्याला दोन आकडे आणि एक सेफ्टी पिन चिकटून आली. सोने येणार नव्हतेच. बावीस कॅरेट म्हणजे चोवीस भागांतले बावीस भाग सोने, उरलेले बहुधा तांबे आणि चांदी, आणि यांतले काहीच लोहचुंबकाला धरत नाही. कपड्यांचा तारेचा हँगर सरळ करून त्याला आकडा केला, तर अंगठी त्याच्या धक्क्याने कॉम्प्रेसरच्या खाचेत सरकली. लाकडी फूटपट्टीला चिकटपट्टी उलटी गुंडाळून घातली. ती धुळीने भरून आली, अंगठीला टेकलीच नाही. शेवटी आईने परातीतला कणकेचा गोळा आणला, पट्टीच्या टोकाला घट्ट बसवला आणि म्हणाली, "बोट पोहोचत नाही ना, मग हे घाला. दाबा, ओढू नका." आधी त्याच पट्टीने थोडी थोडी धूळ ओढून काढली, मग कणीक अंगठीवर टेकवून दाबली आणि हळूहळू मागे घेतली. दीड तास गेला. अंगठी कणकेत रुतून आली. गोटीही आली.

ती तिथे गेली कशी, हेही मग आठवले. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार म्हणून त्या शनिवारी फ्रिजवरचे कापडी कव्हर झटकले होते. ते मावशींनी झटकले नव्हते, आम्हीच झटकले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोन रुपयांच्या गोटीसाठी आम्ही दीड तास गुडघ्यांवर बसलो. बाबांच्या आठवणीच्या अंगठीसाठी पाच-सहा आठवड्यांत एकदाही फ्रिजच्या मागे डोकावलो नाही. असे का झाले? आम्ही आळशी होतो म्हणून नव्हे. गोटी कोणी नेली असेल असे आमच्या मनात आले नाही, म्हणून ती कुठे पडली ते आम्ही शोधले. अंगठी कुठे गेली याचे उत्तर मात्र आम्हाला पहिल्याच रात्री मिळाले होते, आणि उत्तर मिळाले की माणूस शोध थांबवतो. संशयाने दुसऱ्याचे वाईट होते हे आपण ऐकून आहोत. तो आपले डोळेही बंद करतो, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

जुन्या करारात, राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, एक छोटी गोष्ट आहे. यार्देन नदीकाठी लाकूड तोडताना एका माणसाच्या कुऱ्हाडीचे पाते पाण्यात पडते. कुऱ्हाड उसनी आणलेली, म्हणून तो घाबरतो. अलीशा संदेष्टा त्याला ते कोठे पडले एवढेच विचारतो. जागा कळल्यावर एक काठी तोडून तिथे टाकतो आणि लोखंड वर येते. चमत्कार देवाचा, पण पहिला प्रश्न आपल्यालाही विचारता येण्यासारखा आहे. तो 'कोठे' असा आहे, 'कोणी' असा नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातली नाणे हरवलेली स्त्री आपल्याला चांगली ठाऊक आहे. तिच्याकडे दहा चांदीची नाणी होती, त्यांतले एक हरवले. त्या काळी असे एक नाणे म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी. साध्या माणसांची घरे अंधारी, खिडक्या लहान. तिची साधने घरातलीच, दिवा आणि झाडू. हा दाखला आम्ही कितीतरी वेळा ऐकला, पण त्यातला क्रम कधी ध्यानात आला नव्हता. ती आधी दिवा लावते, मग झाडते, नाणे सापडेपर्यंत शोधते, आणि त्यानंतर मैत्रिणींना व शेजारणींना बोलावते, तेही आनंद करायला. आम्ही दिवा लावण्याआधीच शेजाऱ्यांकडे गेलो होतो, आणि आनंद सांगायला नव्हे.

कोणी म्हणेल, संशय काय मुद्दाम घेतला जातो? तो येतो. आणि घरात खरोखर चोरी होतही असते. मग सावध राहू नये का? रास्त प्रश्न आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात याचा विचार केला आहे. पुरावा नसताना दुसऱ्याबद्दल चांगलेच मानले, तर आपण पुष्कळदा फसू, हे त्यांना मान्य आहे. तरीही वाईट माणसाबद्दल चांगले मानून अनेकदा चुकणे बरे, कारण त्यात कोणावर अन्याय होत नाही. चांगल्या माणसाबद्दल वाईट मानले, तर क्वचित चुकलो तरी अन्याय होतो, असे ते म्हणतात. सावधपणा आणि निवाडा या दोन गोष्टी आहेत. कपाटाला कुलूप सगळ्यांसाठी नेहमी असेल, तर तो सावधपणा. अकरा वर्षे उघडे असलेले कपाट एका माणसासाठी एका दिवसात बंद झाले, तर तो निवाडा, आणि ज्याच्यासाठी ते बंद झाले त्याला तो ऐकू जातो.

अंगठी सापडली त्या रात्री आमच्यात वाद झाला. आम्ही मावशींना चोर कधी म्हटले नव्हते. मग आता जाऊन सांगायचे काय? 'तुमच्यावर संशय घेतला होता' असे म्हणणे म्हणजे झाकली जखम उघडी करणे नव्हे का? आपसांत पश्चात्ताप करावा, कुमसाराला जावे आणि विषय संपवावा. हे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. माफी मागणारा कित्येकदा स्वतःच्या मनावरचे ओझे उतरवायला जातो आणि ते समोरच्याच्या डोक्यावर ठेवून येतो.

पण दोन गोष्टी आडव्या आल्या. पहिली अशी, की मावशींना सगळे कळले होते. न घेतलेल्या चहाचा अर्थ दुसरा काय होता? दुसरी गोष्ट शेजारची. आठवी आज्ञा खोट्या साक्षीबद्दल आहे, आणि साक्ष काही न्यायालयातच दिली जाते असे नाही. जिन्यात उभे राहून म्हटलेले "जरा लक्ष असू दे" हीसुद्धा साक्षच. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या काळात, १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात याबद्दल स्पष्ट शिकवण आहे. सत्य आणि न्याय यांविरुद्ध केलेल्या अपराधाची क्षमा मिळाली, तरी भरपाईचे कर्तव्य उरते. घरकाम करणाऱ्या बाईजवळ प्रशस्तिपत्र नसते, अनुभवाचा दाखला नसतो. २००८ साली महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण जिन्यातल्या कुजबुजीपासून कोणता कायदा तिला वाचवणार? तिचे नाव हीच तिची पुंजी. ते आमच्या एका वाक्याने चोरले गेले होते. म्हणजे त्या घरात चोरी झाली होती हे खरेच, फक्त ती आम्ही केली होती.

आम्ही आधी शेजारी गेलो आणि जे सांगितले होते ते चूक होते, असे सरळ सांगितले. मग मावशींच्या घरी गेलो. वाटेत पुष्कळ वाक्ये जुळवली होती. मिठाईचा पुडा न्यावा का, पगार वाढवून देतो म्हणावे का, असे नाना विचार केले. पण झाडूने गोटी आत गेली होती आणि हँगरने अंगठी खाचेत सरकली होती, हे ताजे होते. घाईने आणि जोराने ओढले, की पडलेली वस्तू आणखी दूर जाते. म्हणून रिकाम्या हाताने गेलो आणि एवढेच म्हणालो, "मावशी, अंगठी फ्रिजमागे होती. आमच्याच हातून पडली होती. आम्ही तुमच्यावर संशय घेतला, शेजारीही बोललो. आमचं चुकलं."

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मिळाली ना? आजींना बरं वाटलं असेल." आणि जरा थांबून, "मी रोज विचार करायची, माझ्याच हातानं केरात गेली असेल का." हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते. आमच्या संशयाने त्यांना स्वतःचाच संशय घ्यायला लावले होते.

त्यांनी चहा केला, आम्ही घेतला. कामावर परत या, असे आम्ही विचारले. त्या नाही म्हणाल्या. दुसरे घर धरले आहे, आणि जिने खरेच चढवत नाहीत. खरे कारण कोणते, ते त्यांना माहीत. तो त्यांचा अधिकार आहे. आईला भेटायला मात्र त्या एकदा येऊन गेल्या.

अंगठी आईच्या बोटात आहे. आता कणीक मळताना ती खिळ्याला अडकवलेल्या दोऱ्यात ओवून ठेवते. मावशींच्या मनात आमच्याबद्दल जे होते, ते अजून पूर्ण वर आलेले नाही. त्याला किती दिवस लागतील सांगता येत नाही, आणि ओढून ते निघणार नाही.

आज मिस्सेत शांतीचे अभिवादन करताना आपण शेजारच्या बाकावरच्या माणसाकडे वळू. त्या वेळी प्रत्येकाने मनात एकदा पाहावे: हरवलेल्या एखाद्या वस्तूसाठी, बिघडलेल्या एखाद्या कामासाठी, आपण कोणाला तरी उत्तर म्हणून धरून ठेवले आहे का? असेल, तर घरी गेल्यावर आधी दिवा घेऊन फ्रिजच्या मागे पाहावे. आणि तिथे काही सापडले, तर ते घेऊन त्या माणसाच्या दारी जावे.