वेढ्यातील खरेदीखत

शास्त्रपाठ : यिर्मया ३२:१-४४



२०२१ सालचा उन्हाळा आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही. त्या दिवसांत पाळक या नात्याने मला जे अंत्यविधी चालवावे लागले, त्यांपैकी कित्येकांत कबरेपाशी घरचे एकही माणूस उभे नव्हते. पुढे पावसाळा सरला, मंदिराची दारे पुन्हा उघडली, आणि एका रविवारी उपासनेनंतर आमच्या मंडळीतील एक तरुण जोडपे मागे थांबले. लग्नाला चार वर्षे झालेली. तरुण बराच वेळ खाली पाहत राहिला व मग त्याने विचारले, "पाळकसाहेब, जगाचा शेवट इतका जवळ दिसत असताना आम्ही मूल होऊ द्यावे काय? उद्या त्याने आम्हांला जाब विचारला तर?"

मी तत्परतेने म्हणालो, "देवावर भरवसा ठेवा, सर्व काही ठीक होईल."

त्याची पत्नी त्याच उन्हाळ्यात आपल्या वडिलांना मुकली होती. ती शांतपणे म्हणाली, "बाबा दवाखान्यात होते, तेव्हाही आपण हेच म्हणाला होता."

तिच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर मला कमी लागले असते. त्या रात्री मी पवित्र शास्त्र उघडले ते उपदेशाची तयारी करण्यासाठी नव्हे, तर माझ्यापाशी देण्यासारखे काही उरले आहे की नाही, हे पाहण्यासाठी. आणि यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायापाशी येऊन थांबलो. वाचकहो, तो अध्याय आज आपल्यापुढे ठेवतो.

काळ ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमाराचा. बाबेलच्या राजाने यरुशलेमेला वेढा घातला आहे. तटाला मोर्चे भिडले आहेत, नगरात दुष्काळ व मरी आहे. यहूदी माणसाच्या दृष्टीने हा केवळ एका राजधानीचा पाडाव नव्हता. मंदिर, दाविदाचे सिंहासन, वचनदत्त भूमी, या तिन्हींवर त्याचे जग उभे होते आणि तिन्ही एकदमच जाणार होती. आपण ज्याला जगाचा अंत म्हणतो, तो त्या पिढीने तटावरून डोळ्यांनी येताना पाहिला.

आणि यिर्मया कोठे आहे? पहारेकऱ्यांच्या चौकात, कैदेत. हे नगर शत्रूच्या हाती जाणार, असे तो वर्षानुवर्षे सांगत आला होता. मध्यंतरी मिसरी सैन्याच्या चाहुलीने वेढा थोडा सैल झाला, तेव्हा वतनातील आपल्या वाट्यासाठी तो बन्यामीन प्रांताकडे निघाला. पण वेशीतच त्याला फितूर म्हणून धरले, मारले, कोंडले. आता त्याला रोज एक भाकर मिळते, तीही नगरातील भाकरी संपेपर्यंतच.

अशा माणसाकडे त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातले माझे शेत तू विकत घे; सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. हनामेलाच्या मनात काय होते, हे शास्त्र सांगत नाही. मला तरी वाटते की, बुडत्या जहाजावरचा माल नातलगाच्या गळ्यात घालणारा तो एक व्यवहारी गृहस्थ असावा. अनाथोथ यरुशलेमेपासून पायी तास-सव्वा तासाच्या वाटेवर. म्हणजे ते शेत वेढा घालणाऱ्या सैन्याच्या पायाखाली होते. शिवाय अनाथोथ म्हणजे कोणते गाव? ज्या गावच्या लोकांनी यिर्मयाचा जीव घेण्याचा कट केला होता, तेच (अध्याय ११).

यिर्मया ते शेत घेतो.

पुढील वचने सावकाश वाचण्यासारखी आहेत, कारण एरवी दृष्टान्त आणि विलाप यांनी भरलेल्या या ग्रंथात अचानक एखाद्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीतला कारभार सुरू होतो. सतरा शेकेल चांदी, म्हणजे आजच्या मापाने जेमतेम दोनशे ग्रॅम, तराजूत तोलून दिली जाते. खत लिहिले जाते, साक्षीदार सह्या करतात, मोहर लागते. एक प्रत मोहरबंद, एक उघडी. सर्वांच्या देखत दोन्ही बारुखाच्या हाती दिल्या जातात आणि आज्ञा होते की, या मातीच्या पात्रात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. आपल्यापैकी ज्यांनी गावाकडची वडिलोपार्जित जमीन नावावर करून घेण्यासाठी खेटे घातले आहेत, त्यांना हा सोपस्कार ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की, यिर्मयाला फेरफार नोंदवून देणारे सरकार वर्षभरात उरणार नव्हते.

मातीच्या पात्राची ती आज्ञा भाबडी नव्हती. १९४७ साली मृत समुद्राच्या काठच्या गुहांत शास्त्राच्या गुंडाळ्या सापडू लागल्या, त्यांपैकी काही अशाच मडक्यांत सुमारे दोन हजार वर्षे राहिल्या होत्या. त्याहूनही मनाला भिडणारी गोष्ट १९८२ सालची. यरुशलेमेत दावीदनगराच्या उत्खननात, बाबेलच्या सैन्याने जाळलेल्या एका इमारतीत, मातीच्या पन्नासहून अधिक मोहरा सापडल्या. त्या ज्या लेखांना लावल्या होत्या ते जळून नाहीसे झाले. पण मोहरांची कच्ची माती त्याच आगीत भाजून निघाली आणि टिकली. त्यांतील एकीवर शाफानाचा मुलगा गमऱ्या असे नाव आहे. याच नावाच्या माणसाच्या दालनात बारुखाने यिर्मयाची गुंडाळी लोकांना वाचून दाखवली होती, असे छत्तिसावा अध्याय सांगतो. यावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही. ज्या आगीत कागद गेले त्याच आगीत नावे पक्की झाली, एवढेच आपणांस कळवावेसे वाटले.

आता एक गोष्ट आपण ध्यानात घ्यावी अशी माझी विनंती आहे. यिर्मयाने प्रार्थना केली ती खत पुरे झाल्यावर. आधी चांदी मोजली, मग देवापुढे मन उघडले. आणि ती प्रार्थना काही शांतचित्त भक्ताची नाही. ती सृष्टीच्या निर्मितीपासून आरंभ करते, मिसरातील सुटका आठवते, आणि मग एकाएकी तिचा तोल जातो : प्रभू, हे मोर्चे पाहा, नगर गेल्यातच जमा आहे, आणि तू मला शेत घे म्हणतोस! ज्याने देवाची आज्ञा तंतोतंत पाळली होती, त्यालाच ती समजली नव्हती. आपण मात्र उलट क्रम धरतो. आधी मनात आशा उत्पन्न व्हावी, मग तिच्या बळावर पाऊल उचलू, अशी आपली वाट पाहणी चालते आणि वर्षे निघून जातात. यिर्मयाच्या अंतःकरणात त्या दिवशी आशा किती होती, मला ठाऊक नाही. ती बारुखाच्या हातातल्या मडक्यात होती, एवढे नक्की.

शेवटाची वाट पाहण्याचे दुसरेही प्रकार मंडळीच्या इतिहासात होऊन गेले आहेत. थेस्सलनीकातील काही बंधूंनी प्रभूचा दिवस आलाच असे मानून कामधंदा सोडला, तेव्हा पौलाला त्यांना कडक शब्दांत समज द्यावी लागली. अमेरिकेत विल्यम मिलर याच्या गणितावरून हजारो लोक २२ ऑक्टोबर १८४४ या दिवशी प्रभूची वाट पाहत राहिले. काहींनी शेतातले पीक तसेच सोडले होते. दक्षिण कोरियात एका पंथाने २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख दिली. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरेदारे विकली. तारीख उलटली, आणि त्या पंथाच्या प्रमुखाला फसवणुकीबद्दल शिक्षा झाली. चौकशीत निघाले की, त्याने स्वतः गुंतवणुकीचे रोखे घेऊन ठेवले होते व त्यांची मुदत पुढील वर्षी, १९९३ मध्ये, पुरी होत होती.

त्याला हसणे सोपे आहे. पण यिर्मयानेही नाश होणार असा संदेश देऊन भविष्यासाठी खरेदी केलीच की, असे एखादा म्हणेल. होय, केली, पण साक्षीदारांपुढे केली, आणि तीतून स्वतःला दमडीचाही लाभ होणार नाही हे जाणून केली. बाबेलच्या सत्तेची सत्तर वर्षे त्यानेच सांगितली होती. स्वतःचे वय त्याला मोजता येत होते. घर, शेत, द्राक्षमळे या देशात पुन्हा विकत घेतले जातील, हे परमेश्वराचे वचन त्याच्या हयातीबाहेरचे होते. त्याची चांदी मात्र त्याच्या हयातीतली होती, आणि उपाशी नगरातली होती.

ख्रिस्ताच्या मंडळीला हा हक्काचा नातलग ओळखता यावा. आपण वैरी असतानाच कोणीतरी आपली किंमत भरली, ज्यांनी त्याला गावाबाहेर लोटले त्यांच्याचसाठी भरली, आणि ताबा मिळालेला दिसत नसतानाही खत पुरे झाले. म्हणूनच प्रभू येशूने यरुशलेमेच्या दुसऱ्या नाशाविषयी बोलताना शिष्यांपासून काहीही लपवले नाही. लढाया, दुष्काळ, मऱ्या सर्व सांगितले, तारीख तेवढी दिली नाही, आणि माना खाली घालण्याऐवजी वर करा असे म्हटले (लूक २१). आणि प्रकटीकरणाच्या शेवटी नवे नगर येते ते खाली, पृथ्वीकडे येते. देव या भूमीवरचा हक्क सोडून देत नाही.

काही दिवसांनी मी त्या जोडप्याच्या घरी गेलो. आधी माझ्या पहिल्या उत्तराबद्दल क्षमा मागितली. सर्व काही ठीक होईल, असे वचन देवाने मला दिलेले नव्हते. ते मीच त्याच्या नावावर खपवले होते. तरुणाने पाण्याची, उन्हाळ्यांची, युद्धांची, माणसामाणसांतील द्वेषाची चिंता पुन्हा सांगितली. मी ती खोडून काढली नाही. पुढे २०२४ हे वर्ष मोजमाप सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्याची भीती पोकळ नव्हती.

त्याच्या मूळ प्रश्नाला सरळ उत्तर मला सापडले नव्हते, आणि तसे मी त्याला सांगितले. कारण यिर्मयाला स्वतःला परमेश्वराने लग्न करू नकोस, मुले होऊ देऊ नकोस, अशी आज्ञा केली होती; येणारा काळच तसा होता (अध्याय १६). आणि त्याच यिर्मयाच्या हातून बाबेलातील बंदिवानांना पत्र गेले की, घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा, मुलाबाळांनी वाढा (अध्याय २९). तेव्हा मूल नसणे हा अविश्वास नव्हे, आणि असणे हाही विश्वासाचा दाखला नव्हे. मी एवढेच म्हणालो की, नको म्हणायचे तर अवश्य म्हणा. पण देवाने ही पृथ्वी टाकून दिली आहे, या कारणासाठी म्हणू नका. ते कारण खरे नाही. त्यांनी पुढे काय ठरवले, ते येथे लिहिण्याचा अधिकार मला नाही.

निघताना त्या मुलीने विचारले, "मग यिर्मयाला ते शेत मिळाले का?"

नाही मिळाले. नगर पडले, मंदिर जळाले, आणि उरलेल्या लोकांनी त्याला त्याच्या मनाविरुद्ध मिसर देशात नेले. तेथून तो परतल्याची नोंद नाही. मडक्याचा उल्लेखही पुन्हा येत नाही. मी तिला एज्राचा दुसरा अध्याय काढायला सांगितला. बंदिवासातून परत आलेल्यांची ती लांबलचक यादी आपण बहुधा पाने उलटून ओलांडतो; मीही ओलांडत आलो आहे. तिने बोट ठेवीत वाचायला सुरुवात केली. बेथलेहेमचे लोक, नटोफाचे लोक, आणि मग तेविसावे वचन : अनाथोथचे, एकशे अठ्ठावीस.