खाटेचे चार कोपरे



संत मार्कच्या शुभवर्तमानात (अध्याय २) चौघे जण पक्षाघात झालेल्या एका माणसाला खाटेवर घालून येशूकडे आणतात. गर्दीतून वाट मिळेना, तेव्हा ते छप्पर उघडून त्याला खाली सोडतात. येशूने त्या सर्वांचा विश्वास पाहिला. खाटेला कोपरे चार, आणि धरणारेही चार होते.

आपल्या घरांत मात्र चारही कोपरे बहुधा एकटीच्याच हाती असतात. अंथरुणाला खिळलेल्या सासूची कूस रात्रीतून तीनदा बदलणारी सून, स्मृतिभ्रंश झालेल्या पतीवर दिवसभर नजर ठेवणारी पत्नी. रविवारी चर्चची घंटा त्यांना ऐकू येते, पण घर सोडता येत नाही. अशा भगिनींनो, रुग्णाला एकटे टाकता येत नाही म्हणून मिस्सा चुकली, तर ते पाप नव्हे. थकणे म्हणजे प्रेम आटणे नव्हे. दमलेल्या प्रेषितांना विसावा घ्यायला खुद्द येशूनेच सांगितले (मार्क ६).

आणि आपण बाकीचे? 'काही लागले तर सांगा' म्हणून आपण निघतो. ती कधीच सांगत नाही. म्हणून आपणच वार आणि वेळ सांगू या: "बुधवारी तीन ते पाच मी बसते, तुम्ही झोपा." त्याआधी औषधाची वेळ, पाणी पाजण्याची रीत तिच्याकडून शिकून घेऊ या. दूर राहणाऱ्या भावंडांनो, पैसे पाठवणे हा एक कोपरा झाला. रात्रीचे जागरण हा दुसरा आहे.

११ फेब्रुवारीच्या जागतिक रुग्ण दिनी आपण रुग्णांसाठी प्रार्थना करतो. त्यांना सांभाळणाऱ्यांचे नावही त्या प्रार्थनेत असू द्या.

प्रभू आपल्याला एक कोपरा धरण्याची कृपा देवो. आमेन.