जमिनीवरचा बोजा

आमच्या सोलापूरकडं जमिनीबद्दल माणसागत बोलतात. जमीन रुसली, जमीन थकली, जमीन मेली. यातला शेवटचा शब्द लहानपणी फारसा कानावर येत नसे. रान कोरडं पडायचं, पण मरायचं नाही. एक चांगला पाऊस झाला की उठून बसायचं. पुढं कारखान्यांची राख, गाळ, रसायनाचं पाणी बांधापर्यंत आलं आणि 'मेली' हा शब्द तोंडात रुळला. आमच्या शिवेवर तसा एक तुकडा आहे. तिथं वेडी बाभळसुद्धा खुरटते.

मेलेली जमीन उठवता येते का? येते. नागपूरच्या 'नीरी' संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर ते करून दाखवलं. त्या ओसाड ढिगात त्यांनी प्रेसमड कालवला, म्हणजे साखर कारखान्यात रस गाळल्यावर उरते ती मळी. आमच्या जिल्ह्यात तिला तोटा नाही. रोपांच्या मुळाशी जिवाणू खतं दिली आणि सोबत एक बुरशी दिली : मायकोरायझा. उघड्याबोडक्या ढिगावर झाडी उभी राहिली.

हे नाव 1885 साली फ्रँक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं दिलं. अर्थ साधा, बुरशी-मूळ. नातं मात्र कोट्यवधी वर्षांचं. केसाहून बारीक धागे मुळातून निघून मूळ पोचत नाही तिथवर जातात, स्फुरद आणि पाणी आणून देतात. बदल्यात झाड पानात केलेली साखर देतं. आपली ज्वारी, तूर, ऊस सगळे या व्यवहारात आहेत. मोहरी, कोबी मात्र नाहीत. आणि रानात भरमसाट डीएपी ओतलं की झाडही बुरशीला विचारेनासं होतं. आयतं मिळालं की सोयरीक पातळ होते, हे माणसांतही बघतोच आपण.

आता खरा प्रश्न. जमीन हिरवी झाली म्हणजे फिटलं का?

आमचे तात्या म्हणतात, "हिरवं झालं न्हवं? मग झालं की! मागचं किती उगाळायचं?" त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ज्याला पोट आहे त्याला रान पिकायला हवं असतं, न्याय नंतर. रुसून बसलो म्हणून कुठली जमीन सुधारत नाही.

पण बुरशी काय करते ते नीट बघितलं पाहिजे. जड धातू ती खाऊन संपवत नाही. शिसं शिसंच राहतं. पुष्कळदा ती ते आपल्या धाग्यांत धरून ठेवते, झाडात कमी चढू देते. तेही दरवेळी सारखं नाही. माती, धातू, झाड बदललं की हिशेब बदलतो. म्हणजे विष गेलेलं नसतं, कुणीतरी ते सांभाळत बसलेलं असतं. वरून हिरवं दिसतं म्हणून तिथली मेथी खुडून घरी न्यावी का, शेरडं सोडावीत का, याचं उत्तर डोळा देत नाही. माती आणि पाला तपासूनच ते मिळतं.

मला वाटतं, दुरुस्ती आणि माफी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुरुस्ती बुरशी करील, मळी करील, रोपं लावणारे हात करतील. ती करायलाच हवी, दोषी कोण ते ठरायची वाट न बघता. पण ज्यानं घाण टाकली त्यानं त्या हिरवळीपुढं उभं राहून फोटो काढावा आणि मोकळं व्हावं, हे पटत नाही. उपचार दुसऱ्यानं केला म्हणून मारणाऱ्याचा हात धुतला जात नाही.

सोसायटीचं कर्ज घेतलं की सातबाऱ्यावर 'इतर हक्कात' बोजा चढतो, आणि फिटेपर्यंत उतरत नाही. जमीन विकली तरी घेणाऱ्याला तो वाचता येतो. या तुकड्यात काय टाकलं गेलं, कुणी टाकलं, हेही तसंच लिहिलं जावं. वर दाट झाडी असली तरी. पुढं तिथं कुणाची तरी लेकरं खेळणार आहेत, कुणी विहीर पाडणार आहे. त्यांना ते वाचता आलं पाहिजे.