कूळ विचारू नये

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. विचारले तर काय होते, ते मात्र त्यांनी सांगितले नाही. गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत आमच्या घरात जे काही घडले, त्यावरून मला त्याची थोडी कल्पना आली आहे. आणि आम्ही तर ऋषी नव्हे. भिवंडीजवळच्या दापोड्याची साधी आगरी माणसे.

दापोडे ज्यांनी पाहिले नाही त्यांनी आधी डोळ्यांपुढे भाताची खाचरे आणावीत, आणि मग त्यांवर एकेक करून पत्र्याची अवाढव्य गोदामे ठेवीत जावे. माझ्या लहानपणी दिवाळी म्हणजे भातकापणीची घाई. अंगाला उटणे लागण्याच्या आधी चिखल आणि भाताचे कूस लागलेले असे. आज त्याच जागी साऱ्या मुंबईला पुरणारा माल येऊन पडतो, साबणाच्या वडीपासून कपडे धुण्याच्या यंत्रापर्यंत. तेव्हा घरात धान्य होते आणि पैसा नव्हता. आता पैसा आहे आणि तांदूळ वाण्याकडून येतो. पैसा आला की माणसाला पूर्वज आठवतात. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. पोटाच्या मागे लागलेल्या माणसाला पणजोबाचा माग काढायला सवड कुठून असणार?

माझ्या थोरल्या चुलतभावाने नवे घर बांधले. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. घराच्या ओसरीवर संगमरवरी फरशीत वंशावळ कोरून घ्यावी, वर मूळ पुरुष आणि खाली आम्ही सारे, असे त्यांच्या मनात आले. त्यामागे आणखीही एक गोष्ट होती. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेच्या इतिहासात आमच्या शेजारच्या अंजूरच्या गंगाजी नाईकांचे नाव आहे. मग आपलाही एखादा पूर्वज त्या फौजेत, निदान मशाल धरायला तरी, असायला काय हरकत आहे, असे दादांना वाटे. इतिहासाकडून माणूस फार मागत नाही. एक मशाल मागतो.

पण विचारायचे कुणाला? कोल्हापूर-सांगलीकडे आणि बेळगावकडे हेळवी असतात. सुगीच्या दिवसांत ते बैल घेऊन दारात येतात, घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतात आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जातात. नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितले की आजोबांच्या हातची सही निघते. कोकणस्थांच्या घराण्यांनी तर आपापले कुलवृत्तांत छापूनच ठेवले आहेत. आमच्या घराला यांपैकी काही नव्हते. आमच्याकडे होती धवलारीण. लग्नाच्या मांडवात ती धवले गाई आणि गाता गाता घरातल्या बायाबापड्यांची नावे त्यांत ओवी. ती वारली त्या दिवशी आमचे दफ्तरखाने जळाले म्हणायचे. नावे ऐकताना आम्ही पोरे अंगणात बुंदीचे लाडू मोजीत होतो.

शेवटी दादांनी मजुरीवर माणूस लावला. ठाण्याचे एक निवृत्त शिक्षक, मोडी वाचणारे. आम्ही त्यांना गुरुजी म्हणत असू. पूर्वी त्यांच्याकडे वर्षाकाठी चार माणसे येत. २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, कुणबी नोंदींसाठी जुनी दफ्तरे उघडली गेली, आणि महाराष्ट्राला एकाएकी आठवण झाली की आपल्या आजोबांची लिपी आपल्याला वाचता येत नाही. तेव्हापासून गुरुजींना जेवायला फुरसत नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी एक अट घातली. “मजुरी शोधण्याची घेईन, सापडण्याची नाही. काही मिळाले नाही तरी पैसे द्यावे लागतील, आणि नको ते मिळाले तरीही.” दादा हसले. हसताना त्यांनी आगाऊ रक्कम मोजून दिली.

या अटीचे मोल मला पुढे कळले, आणि तेही इंग्लंडातून. माझी भाची तिकडे लँकेशायरमध्ये असते. तिच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईने आपले घराणे शोधण्यासाठी असाच एक जाणकार लावला होता. तिकडे १५३८ पासून चर्चमधून बारसे, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम आहे. १८३७ पासून सरकारी जन्ममृत्यूची नोंद आहे. आणि ही जुनी दफ्तरे परगण्यापरगण्याने जपून ठेवलेली आहेत. म्हणून माणूसही त्या त्या परगण्याचा लावतात, तिथली गावे आणि तिथले जुने अक्षर ओळखणारा. तो तासावर पैसे घेतो. तीन तास शोधले, काही आढळले नाही, असा कागद आला तरी त्याचे बिल चुकते करायचे असते. त्या बाईला एखादा सरदार निघेल अशी आशा होती. निघाले काय? १८४१ च्या खानेसुमारीत पणजोबांच्या नावापुढे दोनच तुटके शब्द: ‘ॲग. लॅब.’ म्हणजे शेतमजूर. त्या वेळी शेतमजूर इतके होते की गणती करणाऱ्यांना पुरता शब्द लिहायचे कष्ट नकोत म्हणून ही खूण ठरवून दिली होती. बाई चार दिवस हिरमुसली, मग तीच गोष्ट हसत सगळ्यांना सांगू लागली.

सरदार हवाच असेल तर तोही मिळतो म्हणा. जे. होरेस राउंड नावाच्या इंग्रज संशोधकाने विसाव्या शतकाच्या आरंभी कित्येक बड्या घराण्यांच्या वंशावळी कागद पुढे ठेवून खोट्या ठरवल्या. त्या रचणारेही पैसे घेणारे जाणकारच होते. त्यांनी मजुरी सापडण्याची घेतली होती, इतकाच फरक.

आमच्या गुरुजींनी प्रथम वरून शोध घेतला. वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली छापलेली महिकावतीची बखर त्यांनी दादांना दाखवली. उत्तर कोकणात कोण कोण येऊन वसले याची हकीकत तीत आहे. दादांचे डोळे चमकले. गुरुजी म्हणाले, “यात कुळे पुष्कळ आहेत. पण हे तुमचे, असे बोट ठेवण्याजोगे काही नाही.” पुण्याच्या पेशवे दफ्तरात ते दोन खेपा जाऊन आले. तिथेही आमची मशाल दिसली नाही. मग ते खालून वर चढू लागले: भिवंडीच्या तहसीलमधले जुने फेरफार, १९०३ च्या कायद्यानंतरची हक्कनोंदणी, जन्ममृत्यूचे कोतवाल बुक. पावसाळा संपता संपता त्यांनी सात पानांचा कागद आणून दिला.

आमचा मूळ पुरुष सापडला नव्हता. सगळ्यांत जुने नाव निघाले ते एका बाईचे, आमच्या पणजीचे. विधवा. आणि तिच्या नावापुढे लिहिले होते ‘कूळ’.

मराठी भाषा कधी कधी माणसाची फार थट्टा करते. आम्ही कूळ शोधायला निघालो, आणि कूळच सापडले. सावकाराच्या शेतातले, खंडाने कसणारे. १९४८ चा कूळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा मालक झाला, आणि आजोबांच्या नावाने सातबारा निघाला. आज ज्या जमिनीवर गोदामे उभी आहेत ती जमीन आम्हाला फौजेतून मिळाली नाही. एका रांडवलेल्या बाईने खंड भरला, म्हणून मिळाली. दादांना हे जड गेले, पण आठ दिवसांनी ते म्हणाले, “असू दे. तिचेच नाव वर घालू.” त्या दिवशी मला माझा भाऊ फार मोठा वाटला.

पण कागदाचे सातवे पान राहिले होते. कोतवाल बुकात पणजीच्या घरी दोन जन्म होते. एक आजोबांचा. दुसऱ्या नोंदीत बापाचे नाव होते, तिथी होती, आणि पुढे फक्त ‘मुलगी’. तिला नाव दिलेले नव्हते. त्या काळच्या मुलींच्या नोंदी पुष्कळदा अशाच असतात, असे गुरुजी म्हणाले. त्या मुलीचा पुढे कुठल्याच कागदात पत्ता नाही.

माझी आत्या नव्वदीची आहे. तिला विचारले तर तिने नाव तर सांगितलेच, वर खाडीपलीकडच्या ज्या गावी तिला दिली होती तेही सांगितले. आत्या आणखी पुष्कळ बोलली. ती बाई लवकर विधवा होऊन माहेरी आली. आजोबा तेव्हा मिठागरावर मजुरीला जात. शेत म्हाताऱ्या आईने आणि तिने सांभाळले. “लावणीला वाकलेली तिची पाठ अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे,” आत्या म्हणाली. पुढे मुलगा हाताशी आल्यावर ती त्याच्याबरोबर सासरच्या गावी गेली. तिचे नातू-पणतू तिथे आहेत. त्यांच्या गावात गोदामे झालेली नाहीत.

दादांनी गुरुजींना बोलावले आणि सहा पानांचा दुसरा कागद मागितला. जास्तीचे पैसे देऊ केले. गुरुजींनी चहा संपवला आणि म्हणाले, “हा कागद तुमचा आहे. पेटीत ठेवा, चुलीत घाला. मी कुणाला सांगायला जाणार नाही. पण सहा पानांवर माझी सही मिळणार नाही.”

दादांना खलपुरुष ठरवणे सोपे आहे, आणि म्हणूनच मी ते करणार नाही. माझ्या वडिलांच्या मागे आम्हा भावंडांना त्यांनी शिकवले. ते म्हणतात, “नाव कोरले की उद्या कोणीतरी वकील घेऊन येईल. आज दोन घरे सुखात आहेत. त्या माणसांना ठाऊकही नाही. त्यांचे काय बिघडले?” भिवंडी तालुक्यात जमिनीच्या दाव्यांनी फुटलेली घरे ज्याने पाहिली आहेत, तो या बोलण्याला हसणार नाही. कायद्याने त्या घराचा काही हक्क निघतो की नाही, हे वकिलांनी सांगावे. मला पडलेला प्रश्न निराळा आहे. पैसे देऊन आपण शोध विकत घेतला. त्याबरोबर जे सापडले ते दडवण्याचा हक्कही विकत घेतला काय?

मला वाटते, आम्ही गुरुजींचे डोळे आणि त्यांचे श्रम घेतले. त्या बाईचे असणे-नसणे त्यांच्या हातात नव्हते आणि आमच्याही नाही. समजा, त्यांनी १७३९ चा मशालवाला आणला असता. आम्ही पुरावा मागितला असता का? पेढे वाटले असते. म्हणजे सोयीचा पूर्वज कागदाशिवाय चालतो, आणि गैरसोयीच्या बाईला कागद असूनही जागा मिळत नाही. गुरुजी गप्प राहणार आहेत, त्यांचे मला काही वाटत नाही. ज्याने काम सांगितले त्याचे घर ते चव्हाट्यावर मांडणार नाहीत. त्यांचे मौन विश्वासाचे आहे. आमचे मौन मात्र भाड्याचे आहे.

हे ‘आमचे’ मी सभ्यतेपोटी लिहिलेले नाही. गोदामाच्या भाड्यातला एक वाटा दर महिन्याला माझ्याही खात्यात येतो. वावर कसेल त्याचे, या घोषणेवर माझी तरुणपणची भाषणे झाली आहेत. आणि त्या वावरात वाकलेली ती पाठ कुणाची होती, हे मी सत्तर वर्षांत एकदाही विचारले नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलार्जितात मुलाइतका वाटा दिला, तेव्हा मी आनंदाने मान डोलावली. त्यानंतर आमच्याच घरात बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या गेल्या, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सगळ्या जमल्याच होत्या म्हणून. साड्या चांगल्या दिल्या होत्या. माझी धाकटी बहीण सही करताना एवढेच म्हणाली, “कुठे करू?” मी बोट ठेवून जागा दाखवली.

त्या म्हणीकडे मी पुन्हा पुन्हा येतो. ऋषीचे कूळ विचारू नये म्हणजे ऋषीला त्याच्या कर्तृत्वाने ओळखावे, हा तिचा चांगला अर्थ झाला. पण न विचारण्याने सोय नेहमी ऋषीचीच होते. जिच्यापासून त्याचा जन्म झाला, तिचे नाव त्या न विचारण्यात बुडून जाते.

फरशीचे काम आता पाथरवटाकडे गेले आहे. तो अक्षरावर पैसे घेतो. दादांनी नावांची यादी सुवाच्य अक्षरात लिहून काढायचे काम मला सांगितले आहे, कारण कारकुनीत माझी हयात गेली. मी यादी केली. सर्वांत वर पणजी, तिच्याखाली आजोबा, आणि आजोबांच्या शेजारी एक ओळ कोरी सोडली. ते नाव मी या लेखातही घालीत नाही. ते आधी दगडावर यायला हवे. पाथरवटाने यादी निरखून पाहिली आणि म्हणाला, “नंतर नाव घालायचे असेल तर जागा सोडता येते साहेब. पण सोडलेली जागा दिसते.”

दादा अजून काही बोललेले नाहीत. भाऊबीजेला आत्या येणार आहे.