लाल कॅलिपरचं खरं-खोटं

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी गाडीचं पुढचं चाक काढून बसलो होतो. शेजारी लाल रंगाचा छोटा डबा, तारेचा ब्रश आणि मास्किंग टेप. वॉचमन काका बराच वेळ बघत उभे होते. शेवटी त्यांनी विचारलं, "यानं ब्रेक जास्त लागतो का हो?"

"नाही काका. नुसतं चांगलं दिसतं."

"चाकाच्या आत?"

हा दोन शब्दांचा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा लोखंडी चिमटा. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबानं पिस्टन पुढे सरकतो, पॅड डिस्कवर घासतात आणि गाडीचा वेग उष्णता होऊन निघून जातो. १००० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबवली, तर जवळपास अडीच लाख ज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात लिटरभर पाणी चहाच्या आधणाच्या जवळ पोचेल. म्हणून इथे उष्णता सोसणाराच रंग लागतो, आणि तोही पातळ थरांत. पिस्टन, त्याचं रबर, पिना, पॅड आणि डिस्क यांना रंग लागता कामा नये. म्हणजे जे भाग काम करतात ते सगळे झाकायचे आणि उरलेलं रंगवायचं.

पण लालच का? कारण लाल कॅलिपर पाहिला की इटलीच्या ब्रेम्बोचे भारी ब्रेक आठवतात, रेसिंग आठवतं. काही गाड्यांवर तर कॅलिपरचा रंग म्हणजे सरळ भाषाच असते. पोर्शवर पिवळा कॅलिपर दिसला तर साधारणपणे समजायचं, आत सिरॅमिक डिस्क आहे. झगझगीत हिरवा असेल तर गाडी हायब्रिड आहे. तिथे रंग काहीतरी सांगतो, आणि सांगतो ते खरं असतं. माझ्या सात वर्षं जुन्या हॅचबॅकचा लाल रंग मात्र तीच भाषा उसनी घेऊन बोलत होता. मागच्या चाकांना तर डिस्कही नाही, ड्रम आहेत. मग हे खोटं बोलणं झालं का?

जॉन रस्किन या इंग्रज लेखकानं १८४९ साली 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' या पुस्तकात इमारतींच्या खरेपणाबद्दल लिहिलं. लाकडाला रंग देऊन संगमरवर भासवणं ही त्याच्या मते फसवणूक. पण सोन्याच्या मुलाम्याबद्दल तो वेगळं म्हणतो. इमारतीवरचा मुलामा फसवत नाही, कारण ते भरीव सोनं आहे असं कुणी समजतच नाही. दागिन्यावरचा मुलामा फसवतो, कारण तिथे बघणारा त्याला सोनंच समजतो. म्हणजे खोटेपणा रंगात नसतो. बघणारा काय समजून बसतो आणि ते आपल्याला माहीत आहे का, यात असतो.

हे मला पटलं, आणि मी निर्धास्त झालो. माझ्या गाडीला रेसची गाडी कोण समजणार?

गंज काढायला ब्रश आत घातला तेव्हा दुसरीच गोष्ट दिसली. बाहेरचं पॅड चांगलं जाड होतं. आतलं मात्र जवळजवळ संपलेलं. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक गंजून अडकली होती, त्यामुळे सगळा भार आतल्या पॅडवर येत होता. महिन्याभरापूर्वीच एका गॅरेजमध्ये "ब्रेक ओके" असं ऐकून आलो होतो. त्यांनी बहुधा चाकाच्या फटीतून पाहिलं असावं. फटीतून बाहेरचंच पॅड दिसतं. त्या महिन्यात आई-बाबांना घेऊन मी घाट उतरून आलो होतो.

रंग बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक बोलावून दोन्ही बाजूंचे पॅड बदलले, पिना साफ करून ग्रीस लावलं. मग रंग दिला. दिखाव्याच्या हौसेनं मला जिथे नेलं, तिथे काळजीनं कधीच नेलं नव्हतं, हे कबूल करायला लाज वाटते.

खरी परीक्षा पुढे आली. सहा महिन्यांनी गाडी विकायला काढली. एक मुलगा वडिलांना घेऊन आला. पहिलीच गाडी घेत होता. चाकाशी वाकला आणि खुशीत म्हणाला, "ब्रेक अपग्रेड केलेत वाटतं?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं: "पॅड नवीन आहेत." शब्द न् शब्द खरा. बिलही होतं. बाकीचं त्याचं तो समजून घेणार होता.

'नरो वा कुंजरो वा' म्हणतात ते हेच. अश्वत्थामा मेला हे युधिष्ठिराचं वाक्य खरंच होतं, हत्ती मेलाच होता. तरी जमिनीच्या चार बोटं वरून चालणारा त्याचा रथ त्या वाक्यानंतर खाली टेकला. कारण द्रोण काय समजणार, हे त्याला माहीत होतं.

तोवर माझा रंग इमारतीवरचा मुलामा होता. त्या मुलानं प्रश्न विचारला त्या क्षणी तो दागिन्यावरचा झाला. रंग तोच, बघणारा बदलला. आणि या बघणाऱ्याच्या भरवशावर उद्या त्याचे वडील शेजारच्या सीटवर बसणार होते. ब्रेक भारी आहेत असं समजणारा माणूस पुढच्या गाडीपासून थोडं कमी अंतर ठेवतो.

"नाही," मी म्हणालो, "रंग घरी दिलाय. ब्रेक कंपनीचेच आहेत. पॅड नवीन आहेत, पण एक पिन अडकली होती, तर दर सर्व्हिसला चाक काढून बघायला सांगा."

वडिलांनी लगेच पाच हजार कमी करायला सांगितलं. मी केले.

जाताना मुलगा म्हणाला, "रंग राहू दे पण. मस्त दिसतो."

मलाही तसंच वाटतं. चाकाच्या आतसुद्धा.