पाहणाऱ्याचे कर्तव्य

सुटीच्या दिवसांत बाहेरगावचे एखादे कुटुंब मुंबईस आले म्हणजे प्रेक्षणीय स्थळांची यादी लांबलचक असते, आणि हाती दिवस मात्र एकच असतो. सकाळी राणीची बाग, दुपारी फोर्टातील वस्तुसंग्रहालय, सायंकाळी गेटवे. आणि रात्री मुक्कामी परतल्यावर काय काय पाहून झाले याची मोजदाद. या धावपळीची थट्टा पुष्कळांनी केली आहे. ती करण्याचा आमचा हेतू नाही. चार पैसे साठवून मुलांस महानगर दाखविणारा गृहस्थ आदरासच पात्र आहे. आम्हांस विचारावयाचे आहे ते निराळे. आपल्या मूळ स्थानापासून उखडून आणलेली वस्तू पाहण्याचे सुख आपण घेतो. त्या उखडण्यात आपला हात नसला, तरी त्या सुखाबरोबर काही कर्तव्य आपल्यावर येते की नाही?

प्रश्न हवेतला वाटू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. भायखळ्यास राणीच्या बागेलगत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२ साली लोकांस खुले झाले. त्याच्या इमारतीबाहेर काळ्या पाषाणाचा एक हत्ती उभा आहे. २०१७ पासून बागेत पेंग्विन पक्षी दाखविले जातात. त्यांच्याकडे निघालेल्या मुलांचे या हत्तीकडे सहसा लक्ष जात नाही. परंतु पोर्तुगीजांनी घारापुरीस एलिफंटा हे नाव दिले ते याच हत्तीवरून. तो त्या बेटावर किनाऱ्याजवळ शतकानुशतके उभा होता. १८६४ साली त्यास विलायतेस नेण्याचे घाटले, आणि उचलताना त्याचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे मुंबईत आणून १९१४ साली जोडण्यात आले. आज बेटावर हत्ती नाही, त्याचे नाव मात्र आहे. आणि भायखळ्यास हत्ती आहे, पण त्यास समुद्र दिसत नाही.

येथे कोणाही स्वाभिमानी मनुष्यास संताप यावा हे स्वाभाविक आहे. परंतु त्या संतापाच्या भरात तेथून निघून जाऊ नये. त्याच परिसरात दुसरे स्थानभ्रष्टही आहेत, आणि ते राज्यकर्त्यांचे पुतळे आहेत. ज्याच्यामुळे एका चौकास काळा घोडा हे नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली चौकातून हलवून येथे आणला. व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळाही फोर्टातून येथेच आला. हे पुतळे हलविण्यात अन्याय झाला असे आम्ही म्हणत नाही. स्वतंत्र राष्ट्राने आपल्या चौकांत कोणास उभे करावे हे त्यानेच ठरवावयाचे असते. तथापि पहिला पुतळा शहरास अल्बर्ट ससून या येथल्याच धनिकाने दिला होता, आणि दुसरा बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांची देणगी होती, हेही मुलांस सांगितले पाहिजे. उखडणारे परके आणि आपण केवळ उखडले गेलेलो, एवढी सोपी गोष्ट सांगितली तर ती अर्धीच होईल.

फोर्टातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात हाच प्रश्न अधिक अवघड होतो. तेथे सिंधमधील मीरपूरखास येथील स्तूपातून निघालेल्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती आहेत. १९०९-१० च्या सुमारास ते उत्खनन झाले, तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. १९३६ साली तो वेगळा झाला, आणि १९४७ साली तर परक्या देशात गेला. मूर्ती आपल्या दालनात स्वस्थ होत्या. सरकली ती सरहद्द. येथे दोष कोणास द्यावा? मूर्ती आणल्या नसत्या तर त्या नीट राहिल्या असत्या असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? आणि ज्या भूमीत त्या घडल्या तेथील मुलांस त्या पाहावयास मिळत नाहीत, हे तरी कसे नाकारावे?

कोणी म्हणेल, सुटीच्या दिवशी लेकरांच्या डोक्यावर हे ओझे कशास? त्यांनी हत्ती पाहावा, खाऊ खावा, आनंदात घरी जावे. या आक्षेपात तथ्य आहे, पण मुलांविषयी गैरसमजही आहे. नवी वस्तू दिसली की ‘हे कोणाचे?’ हा प्रश्न मूलच आधी विचारते. ‘सरकारचे’ असे घाईचे उत्तर देऊन पुढच्या दालनाकडे ओढून नेतात ती वडील मंडळी. बालकाचा आनंद हत्तीची हकीकत ऐकून कमी होत नाही. उलट ज्या दगडास त्याने हात लावावयास जावे, त्याच्याविषयी त्यास माया वाटू लागते.

आमच्या मते पाहणाऱ्याचे कर्तव्य एवढेच: जे पाहिले त्याची पूर्ण हकीकत जाणून घ्यावी, आणि आपल्या पक्षास गैरसोयीचा भागही न गाळता ती पुढच्या पिढीस सांगावी. उखडलेली वस्तू मूळ जागी परत ठेवणे आपल्या हाती क्वचितच असते. परंतु तिचा मूळ ठाव विसरू न देणे हे प्रत्येकाच्या हाती असते. वस्तू एकदा जागेवरून उखडते. तिचे गाव पाहणारा विसरला म्हणजे ती दुसऱ्यांदा उखडते, आणि त्या दुसऱ्या वेळचा दोष आपला असतो.

याकरिता यादीतील दोनचार स्थळे गाळावी लागली तर गाळावीत. घारापुरीची लेणी अजून आपल्या जागी आहेत. गेटवेवरून लाँचने सुमारे तासाभरात तेथे पोहोचता येते. भायखळ्याचा हत्ती पाहिलेल्या मुलास पुढच्या सुटीत त्या किनाऱ्यावर उतरवून ‘तो येथे होता’ एवढे दाखविले, तर त्या एका दिवसात दोनच स्थळे झाली याची खंत कोणत्याही सुज्ञ पालकास वाटू नये.