वाहून गेलेली टाकी

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी ओसरल्यावर सांगलीला मावशीकडे गेलो होतो. अंगणात घोट्याएवढा चिखल आणि तुळशीवृंदावनाला टेकून एक लाल सिलिंडर आडवा पडलेला. वृंदावनाचा कोपरा फुटला होता. "हा आमचा नव्हे," मावशी म्हणाली. "आमचा कुणाच्या दारात गेलाय, देव जाणे!"

भरलेली टाकी तरंगते, यावर माझा विश्वास नव्हता. मग हिशेब मांडला. 14.2 किलो गॅस आणि साधारण 15-16 किलो लोखंड, म्हणजे तीसेक किलो. ती बाजूला सारते मात्र 33 लिटरांहून जास्त पाणी. अर्धी संपलेली असेल तर बुचासारखी वर येते.

पाणी चढायला लागलं की आपण दागिने, सातबारा, पोरांचे दाखले माळ्यावर टाकतो. आपलं काय बुडेल, याचा घोर असतो. आपल्या घरातलं काय सुटून दुसऱ्याच्या दारावर आदळेल, हे मनातही येत नाही. मावशीच्याही आलं नव्हतं, माझ्याही नाही.

असंच जर्मनीतही घडलं. जून 2013 मध्ये डॅन्यूबच्या पुरात बांध फुटला आणि डेगेनडॉर्फजवळचं फिशरडॉर्फ बुडालं. तिकडे थंडीत घर उबदार ठेवायला तेल जाळतात, त्याच्या टाक्या तळघरात. तेल पाण्याहून हलकं. टाक्या उचलल्या गेल्या, नळ्या तुटल्या, तेल पाण्यावर पसरलं आणि विटांत मुरलं. चिखल धुऊन निघतो, तेल निघत नाही. धड उभी असलेली कित्येक घरं शेवटी पाडावी लागली. भिंतीत मुरलेलं तेल कुणाच्या टाकीतलं, हे कोण सांगणार? पुढे 2018 मध्ये कायदा लागू झाला : पूररेषेतल्या जुन्या टाक्या पाच वर्षांत पुराला टिकतील अशा करून घ्या.

आपल्याकडे कायद्याची वाट कशाला पाहायची? भिंतीत एक भक्कम कडी आणि एक साखळी, एवढंच काम. हे लिहिता लिहिता उठून पाहिलं, तर आमच्या ओट्याखालची टाकी मोकळीच होती.

नदीकाठी राहत असाल तर या पावसाळ्यापूर्वी टाकी उभी बांधून घ्या. घर सोडताना रेग्युलेटर काढून तोंडावर टोपी बसवा. पुरात बुडालेली टाकी वितरकाच्या माणसानं तपासल्याशिवाय शेगडीला जोडू नका. गॅसचा वास आला तर बाहेर पडा आणि 1906 ला फोन करा.